भरीत नसलेली सहल

मंडळी, मुलीला शेजाऱ्यांकडे सोडून सायबर कॅफेत येऊन बसलो आहे. आजचं सांगायचं आहे.

बायको जाऊन तीन महिने झाले. काल शेजारच्या सुरेशभाऊंनी त्यांच्या बायको-मुलासोबत मला आणि माझ्या पाच वर्षांच्या चिंगीला बळेच जीपमध्ये बसवलं. साक्रीकडे धरणाकाठी, स्काउटच्या जुन्या तंबूत एक रात्र. "मन रमेल, भाऊ," म्हणाले.

जेवायला खिचडी होती. हिवाळ्यात शेकोटी पेटवूनही या खानदेशी माणसांनी भरीत केलं नाही, याचं नवल वाटलं. विचारलं नाही.

आज सकाळी वारा सुटला, म्हणून मुलांना घेऊन तंबूत पडलो. मी झोपलोय असं त्यांना वाटलं. सुरेशभाऊंचा बंटी कुजबुजला, "मम्मीनं मुद्दाम वांगी आणली नाहीत. काकूंचं भरीत आठवलं की काका रडतात."

"हळू बोल," चिंगी म्हणाली. "पप्पांसमोर आईचं नाव काढायचं नसतं. मी तर कधीच काढत नाही."

दारात मुलंच बसलेली. मला बाहेर जाता येईना, डोळेही उघडता येईनात. शेवटी डोळे मिटूनच म्हणालो, "तुझी आई वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची."



"आणि ठेचायला मला बसवायची," चिंगी म्हणाली. "तुम्हाला माहीतच नाही."

खरंच माहीत नव्हतं. पोर आईला विसरली, असंच मी समजत होतो.

तुमच्या घरी मुलांसमोर गेलेल्या माणसाचं नाव काढता का?

येताना वांगी घेतली आहेत. मला भाजता येत नाही. ठेचायला चिंगी आहे.