शिवणक्लासच्या नावाखाली

माझी मैत्रीण गणिताची शिक्षिका आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि तेव्हापासून ती मला ओरडत आली आहे. आता आम्ही दोघी अडतीस वर्षांच्या आहोत, पण तिला त्याचं काही नाही. मी मुलुंडला तळमजल्यावर राहते आणि पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. ती सासरी नाहूरला राहते, पण तिची शाळा मुलुंडलाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे घरी जाताना आठवड्यातून एकदा तरी ती माझ्याकडे टपकायची.

अडीच वर्षांपूर्वी अशीच एकदा आली, खुर्चीवर बसली आणि मी हात लावायच्या आत माझ्यासमोरचा चहा उचलून प्यायला लागली.

"सुई धरताना तुझा हात कापत नाही ना?"

"वीस वर्षं शिवतेय मी."

"मग झालं. उद्यापासून रोज संध्याकाळी सात वाजता मला टोचायचं."

ती आयव्हीएफ करतेय, हे मला कळलं ते असं. मूल होत नाही म्हणून गोळ्या चालू आहेत, एवढंच तोवर माहीत होतं. आता दहाबारा दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं होतं आणि वेळ चुकवायची नव्हती. तिचा नवरा सांताक्रूझला विमानतळावर सामानाच्या विभागात, त्याची दुपारपाळी. क्लिनिकच्या नर्सनं त्याला स्पंजवर शिकवलंही होतं. पण हा माणूस टोचायच्या आधीच "दुखलं का गं?" असं चार वेळा स्पंजला विचारत होता, असं तिनं सांगितलं. ती थोडं वाढवून सांगते, पण तो खरंच तसा आहे.

"सासूबाई?" मी विचारलं.

"त्यांना कळलं की अख्ख्या मालवणला कळेल. देवाला गाऱ्हाणं घालतील, नारळ ठेवतील, आणि मग रोज गावाहून फोन. मला नाही जमणार ते."

म्हणून औषधं माझ्या फ्रिजमध्ये आली. मी ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवली. त्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं मोठ्या आशेनं डबा उघडला, आत बघितलं आणि बंद केला. विचारलं काहीच नाही. फक्त फ्रिजची थंडी नीट आहे ना ते बघून आला.

पहिल्या दिवशी वीस वर्षं शिवणाऱ्या मीच सुई दोनदा उचलून खाली ठेवली. ती आडवी पडून सूचना देत होती. चिमटीत कातडी धर. सुई तिरकी नको, काटकोनात हवी. हा काटकोन आहे का?

"तू डोळे मिट बघू," मी म्हटलं.

तिनं मिटले. जरा वेळानं म्हणाली, "टोच ना आता. किती वेळ लावतेस?"

"टोचलं."

"कधी?"

शाळेपासून आजवर तिनं मला दिलेली ही एकमेव शाबासकी.

रोज संध्याकाळी ती कुठे जाते, हे घरी सांगायला हवं होतं. तिनं शिवण शिकते म्हणून सांगून टाकलं. ज्या बाईला साडीला पिन लावता येत नाही, तिनं. सासूबाईंना आनंद झाला आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी परकराचं कापड पाठवलं. ते शिवणं अर्थातच माझ्याकडे आलं. शिकाऊ बाईनं शिवल्यासारखं दिसायला हवं म्हणून मी मुद्दाम वाकडी शिलाई मारली. सरळ शिवण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे. एकदा उसवून पुन्हा वाकडं करावं लागलं.

सोनोग्राफीला घाटकोपरला जायचं असायचं. नवऱ्याला सुट्टी नसेल तेव्हा मी जायची. तिथल्या खोलीत बायका एकमेकींकडे बघत नसत. मी एकदा शेजारणीकडे बघून हसले, तर हिनं मला कोपर मारलं. "इथे हसत नाहीत," म्हणाली. मग स्वतः समोरच्या फरशा मोजून खोलीचं क्षेत्रफळ काढत बसली. नर्सनं चुकून मलाच आत बोलावलं आणि "मिस्टर नाही आले?" असं विचारलं, तेव्हा मात्र ही पर्समध्ये तोंड घालून हसत होती. मला अवघडल्यासारखं झालं. मला मुलगी झाली ती लग्नानंतर वर्षाच्या आत, आणि त्यात माझं काडीचं कर्तृत्व नाही. ही गोष्ट आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. हसून झाल्यावर तिनं माझी ओढणी सरळ केली आणि म्हणाली, "असू दे. तू आलीस ते बरंय."

अकरा अंडी निघाली. पाचव्या दिवसापर्यंत चांगले म्हणावेत असे दोनच गर्भ टिकले. "अकरातले दोन," ती म्हणाली. "माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगासुद्धा याहून जास्त मार्क आणतो." त्यांतला एक गर्भाशयात सोडला, दुसरा गोठवून ठेवला. मग पंधरा दिवस वाट बघायची. त्या पंधरा दिवसांत ती जिनासुद्धा सावकाश उतरायची, जणू डोक्यावर भरलेली कळशी आहे. मी चिडवलं की म्हणायची, "गप गं."

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी तिनं फोनवर एकच शब्द सांगितला. "नापास."

मी म्हटलं, "होईल गं पुढच्या वेळी." तिनं फोन ठेवला. बोलून गेले आणि मलाच कळलं की हे बोलायचं नव्हतं. पण शब्द उसवता येत नाहीत. चार दिवस ती आली नाही, फोनही उचलला नाही. माझ्याकडून एका ब्लाउजला दोन्ही डाव्या बाह्या लागल्या.

पाचव्या दिवशी सकाळी दारात तिच्या सासूबाई उभ्या. हातात डबा. त्यांना मी लग्नसमारंभात भेटले असेन, तेवढंच. बसल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "शिवण बंद केलात काय गो?"

मी काहीतरी पुटपुटले. घाई आहे, सीझन आहे.

"माका सगळा म्हायत आसा," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतके दिस सून शिवणाक येता, पण बोटाक एकदा पण सुई लागली नाय. आणि तो परकर. शिलाय वाकडी, पण टाके सगळे सारखे. शिकणाऱ्याचे टाके असे नसतत. मग घाटकोपरच्या दवाखान्याची चिठी गावली."

त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूबाईंनी कितीतरी वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. हे मैत्रिणीला माहीत होतं. मला सांगायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

"तिका वाटता, मी गावभर सांगतलंय," त्या म्हणाल्या. "सांगतंय मी, खोटा कशाक बोलू. पण ह्या नाय सांगूचंय." मग डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "चार दिस नीट जेवूक नाय ती. तू जा तिच्याकडे. पण माका म्हायत आसा म्हणान सांगू नको. लपवून तिका बरा वाटता, तर तसाच ऱ्हवांदे."

डब्यात घावणे होते. मी तो घेऊन शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहिले. ती बाहेर आली. चेहरा उतरलेला, पण भांग नेहमीसारखा पट्टीनं आखलेला. "काही बोलू नकोस," म्हणाली. मी तिची पिशवी घेतली. आम्ही शेजारच्या बागेतल्या बाकावर बसलो, मी डबा उघडला. तिनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे माझ्या सासूचे घावणे आहेत."

सासूबाईंना दिलेला शब्द मी असा जेमतेम आठ तास पाळला. सगळं सांगितलं. बोटाला न टोचलेली सुई, सारखे टाके, सगळं. परकराचं ऐकून ती आधी हसली. बराच वेळ हसली. मग हसता हसताच रडायला लागली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसले. चार दिवसांपूर्वीसुद्धा मी एवढंच करायला हवं होतं.

डोळे पुसून झाल्यावर तिनं ठरवलं की सासूबाईंना कळलंय, हे आपल्याला कळलंय, असं त्यांना कळू द्यायचं नाही. "त्यांना बरं वाटतंय ना लपवून," ती म्हणाली. "मग राहू दे."

दोन महिन्यांनी दुसऱ्या गर्भाची तयारी सुरू झाली, आणि आमचं नाटकही. सासूबाई दर आठवड्याला कापड पाठवायच्या. उशांचे अभ्रे, पिशव्या, एकदा तर चक्क पडदे. मी सगळं सरळ शिवून द्यायला लागले, आणि "सून झकास शिकली" असं त्या शेजारणींना सांगायच्या. आईला सगळं कळलंय, हे घरात माहीत नव्हतं ते फक्त तिच्या नवऱ्याला. तो बिचारा आईपासून सगळं लपवण्याच्या काळजीनं वाळत चालला होता. या वेळची इंजेक्शनं कमरेत, सुई जाड, औषध तेलकट. ती दात आवळून घ्यायची आणि उठल्यावर मला घालून पाडून बोलायची. मी बोलू द्यायची.

रिपोर्टच्या दिवशी ती भर दुपारी आली. एक गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं होतं. ही दारातूनच म्हणाली, "दोनशे चाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे."

मी टेप टाकून उठले. त्या बाई तशाच हात पसरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या महिन्यात सासूबाईंना रीतसर बातमी दिली गेली. त्यांनी तोंडावर पदर धरून इतकं छान आश्चर्य दाखवलं की मुलाला भरून आलं. सून आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळलं. मुलगी झाल्यावर महिन्याभरातच त्या गावी जाऊन नारळ ठेवून आल्या. गाऱ्हाणं कधी घातलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. तिचं सगळं छान झालं आणि माझी संध्याकाळ मोकळी पडली. सात वाजले की मी उगाच हात धुवायची, दाराकडे बघायची. एवढ्या सुखाच्या दिवसांत मला कसलं वाईट वाटतंय, याची लाजच वाटायची. शेवटी एकदा फोनवर तिला बोलून टाकलं. मला वाटलं, ती हळवी होईल.

"मग ये ना नाहूरला," ती म्हणाली. मागे पोरगी रडत होती. "सातला हिची आंघोळ असते. तू घाल, मी तासभर झोपते."

आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते. पोरगी दीड वर्षाची आहे, साबण डोळ्यांत गेला की मलाच ओरडते. आणि तिची आई आतल्या खोलीतून, अर्धवट झोपेत, पाणी किती गरम हवं ते सांगत असते.