मोरपंखीची जुनी माती

बायको गेल्यावर तिच्या कुंडीतल्या मोरपंखीला मी इतकं खाऊ घातलं, की गोठ्यातल्या म्हशींना हेवा वाटावा. शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण. बाळंतिणीचीसुद्धा कोणी एवढी बडदास्त ठेवत नाही. तरी देवदाराच्या दूरच्या नात्यातलं ते झाड खालून तपकिरी होत गेलं.

नर्सरीतल्या गणपतमामांनी येऊन कुंडीत बोट खुपसलं आणि वास घेतला. "साहेब, झाड पोसताय की जावई? ह्याला डोंगरातल्यासारखी हलकी माती लागते. वाळू, विटांचा चुरा, मूठभर पालापाचोळ्याचं जुनं खत, बस. ही सगळी माती टाकून द्या, मुळं कुजतायत."

ही माती तिनं स्वतःच्या हातानं कालवली होती. गेलेल्या माणसाच्या वस्तूंवर आपण इतकी माया करतो, की त्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. मी मोरपंखी नव्या मातीत लावली. जुनी माती मात्र तिच्या पिठाच्या डब्यात भरून ठेवली.

चार दिवसांनी मामांनी विचारलं, "टाकली ना?"

"टाकली," मी म्हणालो. आयुष्यभर हत्तीएवढ्या थापा मारल्या, पण ही एवढीशी थाप मारल्यावर आत जाऊन आधी त्या पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.