निश्चयाच्या ओळीपाशी

“थांब, परत पहिल्यापासून,” असं तो स्वतःलाच बजावायचा. खाटेवर बसून डोळे मिटायचा, छातीवर मूठ टेकवून पुटपुटत पश्चात्तापाची प्रार्थना सुरू करायचा आणि शेवटाकडे आला की अडखळायचा. कुलूप लागलं की नाही हे पाहायला पुन्हा पुन्हा मागे फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा त्यांतलाच.

तो वसईचा कॅथलिक, मी रत्नागिरीचा मुसलमान. नव्वदच्या दशकात ओमानमधल्या गाला या भागातल्या एका गॅरेजात तो गाड्या रंगवायचा, मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसायचो. राहायला खोली एकच. मला तो ‘भाई’ म्हणायचा.

सुट्टीच्या शुक्रवारी चर्चमध्ये फादरपुढे पापं कबूल करायची, याला तो ‘कुमसार’ म्हणे. आदल्या संध्याकाळपासून त्याची तयारी चाले. “भाई, परवा त्या ड्रायव्हरवर ओरडलो. तेही सांगायला हवं.” त्याची पापं ऐकून मला हसू यायचं. पण दर वेळी आपली पाळी जवळ आली की तो रांगेतून बाहेर पडायचा.

“मग एवढी तयारी कशाला करतोस?” मी एकदा विचारलं.

“शेवटी म्हणावं लागतं, पुन्हा असं करणार नाही. ते कसं म्हणू? इथून फोनच्या बूथवर गेलो की तेच करतो.”

वसईला त्याची आई अंथरुणाला खिळलेली. मलाही घरी फोन करायचा असे, म्हणून बूथवर आम्ही बरोबर जायचो. “आई, रजा मागितली गं, अर्बाब सोडत नाही,” हे त्याचं वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. अर्बाब म्हणजे आमचा ओमानी मालक. मीही त्याला मनात शिव्या द्यायचो.

“मी रजा कधी मागितलीच नाही, भाई,” त्या दिवशी तो म्हणाला. रजेवर गेलेल्या एका वेल्डरला परत बोलावलं नव्हतं. तेव्हापासून याला धास्ती बसली होती.

मग एका शुक्रवारी त्याच्या बहिणीने फोनवर सांगितलं, आईने अन्न सोडलंय. तो तसाच चर्चकडे वळला. मी आवारात थांबलो. बाहेर आला तो थेट माझ्यापाशी.

“फादरना सगळं सांगितलं. म्हणाले, आधी मालकाला विचार.”

शनिवारी सकाळी तो मलाच सोबत घेऊन मालकाच्या केबिनमध्ये गेला. “अर्बाब, माँ बीमार है. दो साल से.”

मालकाने काहव्याचा कप खाली ठेवला. “दो साल? हमको क्यों नहीं बोला?”

“डर गया. घर में बोला, आप छोड़ता नहीं.”

मालक म्हणाला, “यल्ला, जाओ. पहले माँ.” परत घेईन असं मात्र तो बोलला नाही.

त्याने घेतलंही नाही. महिन्याभरात रंगाच्या शेडमध्ये दुसरा माणूस उभा राहिला. बूथवरून कार्ड घालून मी त्याला वसईला फोन लावला, तेव्हा हे कसं सांगावं, मला कळेना. शेवटी सांगून टाकलं.

त्याच्या मागून एक बारीक, चिरका आवाज आला, “कोण आहे रे?”

“माझा भाई आहे, आई,” तो म्हणाला. “पेज निवली बघ. तोंड उघड.”

रिसीव्हर त्याने बाजूला ठेवला असावा. भांड्यावर चमचा वाजत होता. कार्ड संपेपर्यंत मी ऐकत उभा राहिलो.