ओल्या फडक्याचा लेख

मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात मी फावल्या वेळात काम करते. आमच्या घरात हे व्यसन म्हणूनच धरलं जातं. तिथं कुणीही लेख लिहू शकतो, आणि कुणीही दुसऱ्याच्या लेखावर ‘हा इथे असावा का?’ अशी पाटी लावू शकतो. पाटी लागली की काही दिवस चर्चा चालते, मग लेख राहतो नाहीतर जातो. पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून घरी आले की मी आधी नवे लेख चाळते. पाट्या लावण्यात माझा हात जरा सैल आहे असं तिथले लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही.

एका संध्याकाळी ‘ओल्या फडक्याची चाचणी’ नावाचा लेख समोर आला. कारखान्यात गरम पाण्याचे पाइप शेजारीशेजारी बसवलेले असतात. त्यातला एखादा आतून चोंदला तर तो ओळखायचा कसा? प्रत्येक पाइपला ओलं फडकं गुंडाळायचं. पाणी वाहतंय त्या पाइपावरचं फडकं भराभर सुकतं, चोंदलेल्यावरचं ओलंच राहतं. लेख नेटका होता. फक्त शेवटी, संदर्भ द्यायच्या जागी, ‘स्वतःचा अनुभव’ एवढंच लिहिलं होतं.

आमच्याकडे नियम असा, की लेखकाशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्या विषयावर आधी लिहून ठेवलेलं पाहिजे. गोष्ट खरी आहे की खोटी हे आम्ही ठरवत नाही. मी पुस्तकं पाहिली, देखभालीची मासिकं धुंडाळली. कुठं एक ओळ नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी पाटी लावली आणि कुकर चढवायला उठले.

रविवारी सकाळी बेटेगावहून काका आले. हे माझे नात्यातले काका नव्हेत. शिकवायला लागण्याआधी मी बोईसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, तेव्हा तिथल्या फिटर लोकांचे ते मुख्य होते. आवाज भोंग्यासारखा, आणि स्वतःची तारीफ करताना तो आणखी चढायचा. पण नव्या पोरीला प्लांटमध्ये घाबरू न देणारा तो एकच माणूस होता, आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता.

बसता बसताच ते म्हणाले, “बाय, मी त्या कोशात लेख लिवलाय. त्याच्यावर कोनी शहान्यानं पाटी लावलीय. तू तिथं असते ना? बघ जरा त्या मानसाकडं.”

आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, “तो माणूस मीच, काका.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तू? तू तर ती फडकी सोता बघितलीस.”

“पाहिली आहेत. पद्धत खरी आहे. पण तुमच्याशिवाय कुणी ती लिहिलेली नाही.”

“कोन लिवनार? नवी पोरं कॅमेरा घेऊन येतात, पाइपाचा ताप पडद्यावर बघतात. मी मेल्यावर कोनाला ठाव राहनार ही? तिथं तरी राहू दे.” एवढं बोलून ते न जेवता निघून गेले. मला फार वाईट वाटलं. पाटी मात्र मी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानावर ‘ठेवा’ची रांगच लागली. ‘ठेवा, आमची हरकत नाय.’ ‘ठेवा, आमी बघितलंय.’ एकानं हिंदीतून ‘चाचाजी का तरीका एकदम सही है’ लिहिलं होतं. कारखान्यात कुठलीही मागणी सह्यांवर चालते. जितक्या सह्या जास्त, तितका मॅनेजर लवकर ऐकतो. काकांनी तेच केलं. आपल्या जुन्या पाळीची सगळी माणसं एकाच कॉम्प्युटरवर बसवली. पण आमच्या कोशात मतं मोजत नाहीत, कारणं तोलतात. त्यातून एका कॉम्प्युटरवरून इतकी नावं आली, की एकच माणूस सोंगं घेऊन बोलतोय असा संशय लगेच येतो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. कुणीतरी तिथं तसा आरोप लिहिलाही. मी काकांना फोन करून बोलावून घेतलं.

ते आले ते भांडायच्या तयारीनं. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आधी सगळं वाचा म्हटलं. काकांनी नियम वाचले, चर्चा वाचली, आरोपही वाचला. पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, अगदी सावकाश. मी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली.

शेवटी त्यांनी विचारलं, “म्हंजे मी सांगतो, आनि माझीच मानसं सांगतात. तिसरा कोन नाय?”

“नाही.”

मग त्यांनी एका बोटानं टंकायला सुरुवात केली. मला वाटलं, आता माझी सालटी निघणार. पानावर उमटलं ते असं:

‘मी लेखक. वरची सगळी मानसं खरी हायत, मी त्यांचा हेड होतो म्हनून त्यांनी लिवलं, त्यांना बोलू नका. पद्धत खरी हाय. पन आमच्याकडं ज्यानं पंप खोलला, त्यानंच पंप ठीक हाय अशी सही करायची नसते. दुसरा येऊन बघतो, मंग सुरू करतो. इथं दुसरा कोन आजून आलेला नाय. लेख काढा.’

त्या पानांवर मी मोठमोठ्या पदव्यांची माणसं आपल्या चार ओळींसाठी हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. इतकं सरळ लिहिलेलं कुणाचं पाहिलं नव्हतं. आमचा जो नियम मी सांगून सांगून थकते, तो इतका चांगला मला कधी सांगता आला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “आता कोन काढनार?”

“ज्यांना हक्क आहेत त्यांच्यातलं कुणीतरी. एकदोन दिवसांत.”

“तुला हाय ना हक्क?”

“आहे.”

“मंग तूच काढ, बाय. वळखीच्या हातानं जाऊ दे.”

मी माउसला हात लावला नाही. म्हटलं, “पाटी मी लावली, काका. आणि मी तुमच्या ओळखीची. मला चालत नाही.”

 काकांचे डोळे भरले होते, पण मान त्यांनी हलवली ती होकारार्थी.