बारा फोन, दोन आठवडे

दोन वर्षांपूर्वीच्या अक्षय्य तृतीयेला मी फोनवरचे खेळ जिथून मिळतात त्या ऑनलाइन दुकानात स्वतः बनवत असलेला खेळ ठेवता यावा म्हणून नोंदणीचे एकवीसशे रुपये भरले. समोर बायको होती, जेवायला आलेला चुलतभाऊ होता आणि साडू होते. आमरस वाढता वाढता बायकोने विचारले, "म्हणजे आता झाला का तुमचा खेळ?" दिवाळीपर्यंत होईल, असे मी सांगितले. साडू म्हणाले, "कोणती दिवाळी, ते बी सांगून टाका." सगळे हसले. मीही हसलो.

खेळ मिरचीच्या बाजाराचा आहे. माझे गाव पिंपळगाव रेणुकाई. आता जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघतो. खेळणाऱ्याने मिरचीची पोती घ्यायची, भाव उतरायच्या आत गाडी भरायची आणि माल नरम पडण्याआधी ती रवाना करायची. रविवार आणि ऑफिसच्या आधीचा सकाळचा तास, एवढ्यावर हे काम चालले होते, आणि तेव्हाच त्याला चार वर्षे झाली होती. पोती गाडीत एकावर एक बसत नव्हती, घसरून रस्त्यावर पडायची. ती बसवण्यात एक अख्खा उन्हाळा गेला.

बाकीचे रविवार कुठे गेले तेही सांगतो. चुलतभावाच्या खताच्या दुकानाचा माल मोजायचे अ‍ॅप करून दिले, चार महिने. साडूंच्या मुलीच्या लग्नाचे निमंत्रण म्हणून फोनवरचा छोटा खेळ करून दिला, नवरदेवाचा घोडा मांडवापर्यंत न्यायचा. त्याला महिना लागला आणि मला टोपी-टॉवेल मिळाला. मग कॉलनीसाठी कोणत्या गल्लीत कधी नळ येणार ते सांगणारे अ‍ॅप केले. प्रत्येक वेळी "तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतं" हे वाक्य ऐकले आणि पोती तशीच पडून राहिली.

यंदा खेळ पुरा झाला. पण त्या ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की आधी बारा जणांनी तो आपल्या फोनवर सलग दोन आठवडे ठेवायचा. एक जरी कमी झाला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले. चौदा जणांनी खेळ उतरवून घेतला, वीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. आठवड्याच्या आत आकडा नऊवर आला.

चुलतभावाला फोन केला.

"दादा, टाकला होता ना. मंग काढला. फोन भरून गेल्ता, पोराच्या वाढदिवसाचा व्हिडिओ काढायचा होता."

"दोन आठवडे ठेव म्हटलं होतं."

"बराबर आहे तुमचं. काही खर्चा लागत असेल तर सांगा, आत्ता पाठवतो. पैशाला मी कधी न्हाई म्हटलं का?"

त्याने कधीच नाही म्हटलेले नाही, हे खरे आहे. आमच्यात आहेराचे फार काटेकोर असते. ज्याने अकराशे केले त्याला अकराशे परत जातात, वर एखादी नोट जास्तच. माझे रविवार मात्र त्यात कुठे धरलेच जात नव्हते. पैसे मागितले असते तर त्याच दुपारी आले असते. मी फोनमधली बोटभर जागा मागितली होती.

दुसऱ्या वेळी मी स्वतः घरोघरी गेलो आणि एकेकाचा फोन हातात घेऊन खेळ टाकून दिला. दहाव्या दिवशी साडूंचा फोन आला. "नवीन फोन घेतला बरं का साडूभाऊ. जुन्यातलं सगळं आलं, तुमचंच तेवढं आलं न्हाई." त्यांना यात गंमत वाटत होती. संध्याकाळी शेजाऱ्यांना विचारले, तर त्यांच्याही फोनमध्ये खेळ नव्हता. "नळाचं ठेवलंय की," ते म्हणाले. "ते लागतं."

त्यानंतर मी कोणाला विचारले नाही. इंटरनेटवर अशी माणसे पुरवणारे लोक असतात. बारा जण, दोन आठवडे, मध्ये कोणी गळाला तर बदली माणूस. बायको म्हणाली, "अहो, घरची एवढी माणसं असताना परक्याला पैसे द्यायचे?" ज्यांच्या फोनमधून खेळ गेला होता त्यांच्या यादीतली घरची माणसे मी तिला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतले आणि भाजी निवडायला घेतली.

परक्याची माणसे शेवटपर्यंत टिकली. कोणी किती खेळला ते मला दिसत होते. पहिली गाडी कोणीच भरली नव्हती. अभिप्रायात सगळ्यांनी एकाच दिवशी एकच शब्द लिहिला होता, "छान". दुकानाला तेवढे पुरले आणि खेळ बाहेर आला. ग्रुपवर चुलतभावाने अभिनंदन लिहिले, आणि खाली विचारले, खताच्या अ‍ॅपमध्ये उधारीचा रकाना जल्दी करून देता का.

त्याला उत्तर देण्याआधी मी राहिलेले पैसे भरले. एकूण चौदाशे रुपये, अर्धे आधी आणि अर्धे काम झाल्यावर, ज्याचे गाव मला माहीत नाही अशा एका माणसाला.