साडूंच्या पोटातला फुगा

माणसाला जेवू घालण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंइतका निर्दय माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात दुसरा झाला नाही. त्यांच्या घरून अर्धपोटी परतलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, आणि सरळ चालत परतलेलेही थोडेच. माझं नवं लग्न झालेलं असताना मी आर्णीहून त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा बेसनाच्या पाटोडीच्या रश्शाबरोबर माझ्या आठ पोळ्या झाल्या होत्या. मी ताटावर हात आडवा धरला, तर त्यांनी नववी पोळी माझ्या हातावरच ठेवली आणि वर तुपाची धार सोडली. "मास्तर, माह्या गळ्याची शपथ हाय. तुमी नाई खाल्ली त मी बी उपाशीच उठतो." त्यांच्या स्वतःच्या तोवर बारा झाल्या होत्या. पाहुण्याला एकट्याने जेवायला लावणं त्यांना पाप वाटायचं, म्हणून घरी येईल त्याच्या सोबतीला ते पुन्हा पानावर बसत. त्यातून त्यांची सोयाबीन-तुरीची अडत. माल घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी हा पाहुणाच. तेव्हा त्यांच्या वजनाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

हे वजनही ते डॉक्टरच्या काट्यावर कधी मानायचे नाहीत. "तो काटा घराचा नाई," म्हणत आणि अडतीतल्या मालाच्या काट्यावर चढत. हमाल आकडा वाचायचा. मग साडू, पोत्याचं वजन वजा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गंभीरपणाने सांगत, "आता यातून बारदान काप. कपडे, पाकीट, चपला. अन् थोडी ओल बी धर, सकाळीच पाणी पेलो मी." इतकी कापाकापी करूनही आकडा एकशे अठराच्या खाली येत नसे. काळीपिवळी जीपमध्ये पुढची सीट त्यांची एकट्याची असे आणि ड्रायव्हर गिअर टाकण्याआधी "भाऊ, जरा सरका" म्हणे. साडू सरकत नसत, फक्त श्वास आत घेत. गिअर पडला की सोडत.

या सगळ्यावर ते स्वतःच सर्वांत मोठ्याने हसायचे. हसले नाहीत ते एकदाच, मोठ्या मुलीच्या लग्नात. कन्यादानाला बापाने पाटावर मांडी घालून बसायचं, आणि साडूंची मांडी तर दहा वर्षांपूर्वीच मोडीत निघालेली. पोट आडवं येई, गुडघे वाकत नसत. शेवटी धाकट्या भावाने आणि त्याच्या बायकोने कन्यादान केलं. त्या वेळी मी साडूंना शोधत गेलो, तर ते स्वयंपाकाच्या मंडपात आचाऱ्यावर विनाकारण ओरडत उभे होते. मला पाहून म्हणाले, "कांदा झोंबून राह्यला डोळ्याले." कांदा कुठेही चिरला जात नव्हता.

मग मागच्या वर्षी धाकटीचं जमलं. तिने घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, माह्या लग्नात काका नाई बसन. तुमी बसान त मांडव घाला, नाई त कोर्टात लग्न करतो मी. तिथं सगळ्याइले खुर्ची भेटते."

पोरगी बापाच्याच वळणाची. आठ दिवसांत साडू नागपूरच्या डॉक्टरसमोर बसले होते. डॉक्टरने समजावलं, की तोंडातून दुर्बिणीबरोबर एक मऊ फुगा पोटात सोडायचा, त्यात पाणी भरायचं, सहा महिने ठेवायचा आणि मग काढून टाकायचा. फुग्याने जागा अडवली की थोडक्यात पोट भरतं. साडूंनी विचारलं, "म्हंजे माणूस जेवाच्या आंधीच आत पाहुणा बसवून ठेवाचा?" डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. साडूंना ते एकदम पटलं. पाहुणा म्हटलं की त्यांचा विरोध संपतो.

पहिले चार दिवस या पाहुण्याने त्यांना उलट्यांनी बेजार केलं. मी भेटायला गेलो तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तर, लय जनं जेवू घातले, पर असा वाकडा पाहुना नाई पाह्यला." नंतर जमलं. चार घास वरण-भात आणि ढेकर. उरलेला वेळ ते समोरच्या ताटाकडे बघत. "वांग्याची भाजी कशी झाली? तिखट हाय? सांभार लागते का मंधात?" सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आपण नीट वर्णन केलं नाही तर रागवायचे. गल्लीतले लोक फुगा बघायला यायचे आणि निराश होऊन चहा पिऊन जायचे. एका म्हातारीने तर ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाजूला घेऊन बजावलं, "वाऱ्या-वावधानात गच्चीवर नको जाऊ देऊ वं त्याईले."

फुग्यातल्या पाण्यात निळा रंग होता. फुगा फुटला तर लघवी निळी-हिरवी दिसेल, दिसली की ताबडतोब निघून या, असं डॉक्टरने सांगितलेलं. झालं! साडू रोज सकाळी बाहेर येऊन मोठ्याने रंग जाहीर करू लागले. एका सकाळी मात्र, मी मुक्कामाला असताना, आतून बोंब आली, "फुटला वं, फुटला! निळंशार!" जीप आली. ताई देव आठवत पुढे बसल्या, मी मागे साडूंना धरून. यवतमाळ जवळ आलं तेव्हा धाकटीचा फोन आला. मुलाकडची मंडळी येणार म्हणून तिने आदल्या दिवशी संडासातल्या फ्लशच्या टाकीत निळ्या पाण्याची गोळी टाकली होती. साडूंनी दोन्ही हातांनी पोट चाचपून पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "फिरव बाप्पा. शाबूत हाय." त्या एका क्षणी मला कळलं, की हा माणूस फुग्यावर किती आशा ठेवून आहे.

आणि ती आशा मोडायलाही आली होती. बोरी अरबला एका जुन्या शेतकऱ्याकडे रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांची, पंगत होती. साडूंनी चौथ्या घासाला हात जोडले. यजमान ऐकेना. "तुमी आमाले किती येळा चारलं भाऊ! माह्या गळ्याची शपथ." आता आपल्याच शपथेला कसं मोडायचं? साडूंनी आख्खा रोडगा खाल्ला आणि अंगणाच्या कडेला जाऊन सगळा ओकला. परतताना म्हणाले, "काढून टाकतो हे. मानसाचं मन मोडून कायले बारीक व्हाचं?" ताई शांतपणे म्हणाल्या, "मंग पोरीचं मन मोडा."

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर बसायचा सराव सुरू झाला. आधी स्टुलावर, मग दोन गाद्यांवर, मग घडी घातलेल्या गोधडीवर. डॉक्टरने शिकवलेले गुडघ्यांचे व्यायाम करताना ते ज्या शिव्या देत त्या इथे लिहिता येत नाहीत. फाटकाशी आलेल्या माणसाला ताई सांगत, "थांबा, ते बसून राह्यले." काट्यावरचा आकडा उतरत उतरत अठ्ठ्याण्णववर आला आणि पहिल्यांदाच त्यांनी बारदान कापायला लावलं नाही.

लग्नाच्या दिवशी, सहावा महिना चालू असताना, साडू पाटाजवळ आले. दोन पुतणे मागे दबा धरून उभे. साडूंनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय दुमडला, मग दुसरा, आणि बसले. मांडी घालून, ताठ. मुलीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. विधी झाला, सगळे उठले, नवरानवरी पुढच्या विधीला वळली. महाराज म्हणाले, "झालं यजमान, उठा आता."

साडू हलले नाहीत. पुतणे धावले. ताई घाबरून वाकल्या, "काहून? गुडघा धरला काय?"

"नाई वं," साडू म्हणाले. "बसू दे जरासंक. मोठीच्या लग्नात बसलो नवतो. तिच्या वाट्याचं बी बसून घेतो."

मोठी मुलगी मागेच उभी होती, कडेवर लेकरू घेऊन. तिने लेकरू माझ्याकडे दिलं, येऊन बापाच्या शेजारी रिकाम्या पाटावर बसली आणि त्यांच्या हातात आपला हात ठेवला. महाराजांनीही पोथी मिटली आणि दोघं उठेपर्यंत ते तिथेच थांबले.