कान तोडलेली कॅसेट

मी एका गायिकेची शेवटची कॅसेट पुसली. तिच्यावर अर्धा तास स्वतःची बडबड रेकॉर्ड केली आणि पोस्टाने पुण्याला आईकडे पाठवून दिली.

यात अमानवीय काय, नुसता गाढवपणा दिसतोय, असं म्हणाल. थांबा जरा. मी इंजिनियर माणूस. भूतखेत, अंगात येणं, आजोबांनी स्वप्नात येऊन कपाटाची किल्ली दाखवणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी चहाच्या निमित्ताने उठायचो. आजही उठतो. ही एक गोष्ट सोडून.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. कंपनीने मला योकोहामाला पाठवलं होतं. स्टेशनपासून सात मिनिटांवर दोन खोल्यांचं अपार्टमेंट, मी आणि बायको सुजाता. वाटेत एका लाँड्रीच्या वर कुबोता-सान यांचं कॉफीचं दुकान होतं. सहा टेबलं, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि एक नियम — रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. माझ्यासारख्याने तिथे का जावं, हे सुजाताला कधी कळलं नाही.

कुबोता-सान जुनं अमेरिकन सोल संगीत लावायचे, आणि त्यातही सारखी ओरा मे टिल्सन. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. अमेरिकेतही कुणी ऐकलेलं नाही. चर्चमध्ये गाता गाता ही बाई एका छोट्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचली. चार रेकॉर्डी केल्या. त्यातली जी चालली, ती कंपनीने दुसऱ्याच, दिसायला बऱ्या असलेल्या मुलीच्या नावावर काढली. आवाज हिचा, फोटो तिचा. त्यानंतर ओरा मेने तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली.

कुबोता-साननी तिला शोधून काढलं. नऊ वर्षं पत्रं लिहिली. शेवटी तिने घरच्या पियानोवर तीन नवी गाणी म्हणून एक कॅसेट पाठवली. तिला घशाचा कॅन्सर होता. महिन्याभरात ऑपरेशन, आणि मग आवाज कायमचा जाणार. अट एकच — तिचं नाव छापलेली रेकॉर्ड निघेपर्यंत कॅसेटची कॉपी करायची नाही. एकदा फसलेली बाई होती ती. कुबोता-साननी शब्द पाळला. त्यांना फक्त गाण्यांचे शब्द लिहून हवे होते, कव्हरवर छापायला. आणि माझं इंग्रजी खुद्द अमेरिकन माणसालाही शिकवण्यासारखं आहे, अशी फुशारकी मी त्यांच्यापुढे मारून ठेवली होती.

त्यांनी दोन्ही हातांनी कॅसेट दिली. मीही दोन्ही हातांनी घेतली.

आता आमच्या घरची पद्धत. दर रविवारी आईला कॅसेट-पत्र जायचं, कारण फोनवर 'बरी आहेस ना'च्या पुढे मला काही सुचत नसे. त्यासाठी कोरी कॅसेट विकत आणणं आमच्या रक्तात नाही. कंपनीने जपानी शिकायला दिलेल्या कॅसेटी पडल्या होत्या. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून त्यांच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन कान तोडलेले असत. मग आपण काय करतो? त्या भोकांवर सेलोटेप लावतो आणि टू-इन-वन टेपरेकॉर्डरला फसवतो. कुबोता-साननीही कान काळजीपूर्वक तोडले होते. लेबलवर जपानी अक्षरं. तीन वर्षं त्या देशात काढून मला ती अजून नक्षीच वाटायची.

मी सेलोटेप लावली.

दहा दिवस टाळाटाळ करून शब्द लिहायला बसलो. हेडफोन लावला. एक जपानी बाई अत्यंत नम्रपणे विचारत होती, पोस्ट ऑफिस कुठे आहे.

म्हणजे आईला गेली ती ओरा मेची. पुण्याला फोन लावला.

"आई, कॅसेट मिळाली?"

"काल आली. ऐकलीही. श्री, ती गाणारी कोण रे?"

"कोण गाणारी?"

"तुझ्या मागे. तू श्वास घ्यायला थांबलास की ती गाते. तू सुरू झालास की गप्प. मोठी शिस्तीची बाई."

माझ्या जिवात जीव आला. टू-इन-वनचं पुसणारं हेड जुनं झालेलं, खालचं गाणं थोडं राहिलं असणार. सरळ विज्ञान. आईला कॅसेट परत पाठवायला सांगितली आणि मग धीर करून कुबोता-सानना खरं काय ते सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कमरेत वाकले. "पेठे-सान, नको ती जबाबदारी तुमच्यावर टाकली. चूक माझी."

कॅसेट आली ती त्यांनी दुपारी दुकानातच लावली, त्या कपाटाएवढ्या स्पीकरांवर. चार नेहमीची गिऱ्हाइकं होती. अर्धा तास माझा आवाज — जळणारा कचरा मंगळवारी, न जळणारा गुरुवारी, शेजारीणबाईंनी माझी पिशवी परत दारात कशी आणून ठेवली, माझं पोट कसं साफ होत नाही, इथे भेंडी कशी मिळते. चौघं गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. नियम तो नियम. कुणी हसलं नाही. माझ्या श्वासांच्या जागी नुसती शांतता. गाण्याचा एक सूर नाही. संपल्यावर एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "गायिका कधी येणार?"

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्यानेही तपासलं. खाली काहीही नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी कुबोता-सान आमच्या घरी आले. मी फोनचा स्पीकर चालू केला. आई भजनी मंडळातली, एकदा ऐकलेली चाल विसरत नाही. ती गुणगुणायला लागली. कुबोता-सान फोनपाशी टेपरेकॉर्डर धरून गुडघ्यांवर बसले होते. पहिलं गाणं, मधे तुटलेलं. दुसरं. तिसरं. ते मान हलवत होते, हनुवटीवरून पाणी टपकत होतं.

"आणि ते चौथं," आई म्हणाली, आणि सुरू झाली.

कुबोता-सानची मान थांबली. कॅसेटवर तीनच गाणी होती.

ती टेप त्यांनी अमेरिकेला पाठवली. सहा आठवड्यांनी ओरा मेच्या पुतणीचं पत्र आलं. ओरा मे आता पाटीवर लिहून बोलत होती. तिने लिहिलेलं पुतणीने उतरवून पाठवलं होतं. *चौथं गाणं मी कुणालाही म्हणून दाखवलेलं नाही. ऑपरेशननंतर पलंगावर पडल्या पडल्या सुचलं, तेव्हा आवाज गेलेला होता. मला स्वरलिपी येत नाही. ते माझ्याबरोबरच जाणार असं धरून चालले होते. त्या बाईंना म्हणावं, पुढचं गा. अर्धंच का पाठवलंत?*

ऑपरेशनचा आठवडा आणि आईने कॅसेट ऐकली तो आठवडा एकच होता, हे मी नंतर कॅलेंडर काढून पाहिलं. आई इंग्रजी सिनेमाच्याही वाटेला जात नसे. कॅसेट, टू-इन-वन, फोनची लाइन — सगळं तपासून झालं. रेकॉर्ड निघाली नाही. पुढच्या वसंतात ओरा मे गेली. कुबोता-सान मला तशीच कॉफी देत राहिले, फक्त माझ्यासमोर तिची रेकॉर्ड पुन्हा कधी लावली नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी आईला फोन केला होता. कॅसेट आम्ही तिला परत पाठवली होती. ती म्हणाली, दहादा लावून पाहिली, आता त्यात नुसता तूच आहेस.

"आई, आठवून बघ ना. तिला फक्त पुढचं हवंय. तेवढंच."

आईने चाल पहिल्यापासून गुणगुणली आणि त्याच जागी थांबली.

"पुढचं कुठून आणू? नेमकी ती वर चढत होती, आणि तू भेंडीवर बोलायला लागलास."